राष्ट्राध्यक्षांनी सत्ता बळकावली, की काँग्रेसने ताटात वाढून दिली?

पेडगावकर
रवि, ०९/११/२०२५ - २०:४०

मंडळी, आधी घरचीच एक गोष्ट सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

सप्टेंबरात पुण्याला गेलो होतो. वडिलांची तिथी अमावास्येची, त्यामुळे त्यांचा पक्ष सर्वपित्रीला. "दरवर्षी काकांनाच किती बसवायचं, यंदा तू ये" असं आई म्हणाली, म्हणून अमेरिकेतल्या एडिसनहून दोन आठवड्यांची रजा काढली. शनिवारी, २० तारखेला सकाळी साडेसहाला फोन वाजायला लागला तो थांबेचना. कंपनीच्या वकिलांची मेल: एच-१बीवर (तिथला नोकरीचा व्हिसा) असलेले आणि सध्या अमेरिकेबाहेर असलेले सगळे २१ तारखेला रात्री १२:०१च्या आत परत या. नंतर आलात तर माणशी एक लाख डॉलर भरावे लागतील की कसं, ते आम्हालाही सांगता येत नाही.

न्यूयॉर्कचे रात्रीचे १२:०१ म्हणजे आपले रविवारी सकाळचे साडेनऊ. हातात सत्तावीस तास. सोळा तासांचं विमान, चार तास मुंबईला पोचायला, तीन तास विमानतळावर. उरले चार. त्या चार तासांत तिकीट मिळवायचं. मी लॅपटॉप उघडून बसलो. समोर आई जमिनीवर बसून उद्यासाठी काळे तीळ निवडत होती. तिकीट दीड लाखाचं दिसलं, पान परत उघडलं तर सव्वातीन, तिसऱ्यांदा जागाच नाही. मध्ये भटजींचा फोन, दर्भ मी आणतो, तुम्ही केळीची पानं बघा. आईने एकदाच विचारलं, "जावं लागेल का रे?" मला उत्तर देता आलं नाही.

गेलो नाही. जाताच आलं नाही. मध्यरात्रीनंतर कधीतरी व्हाइट हाउसचा खुलासा आला की पैसे फक्त नव्या अर्जांना लागू, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. सकाळी साडेनऊला मी पाटावर बसलो होतो.

परत आल्यावर ट्रम्प यांचा तो आदेश बसून वाचला. शुक्रवारी दुपारी सही होते आणि शनिवारी मध्यरात्रीनंतर लागू, हे कुठल्या अधिकारात? त्यात मुख्य आधार दिलाय १९५२च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ (एफ)चा. अमुक परदेशी लोकांचं येणं देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं, तर त्यांना हवा तितका काळ त्या लोकांना रोखता येतं किंवा त्यांच्यावर योग्य वाटतील ते निर्बंध घालता येतात. २०१८मध्ये काही देशांच्या लोकांवरच्या प्रवासबंदीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कलमावर ५ विरुद्ध ४ असा निकाल राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की कलमाच्या शब्दाशब्दांत राष्ट्राध्यक्षांच्या मताला मान दिलेला दिसतो. चुकीचं नाही लिहिलं. वाचा, दिसेल.

आता गंमत बघा. जून १९५२ हा महिना अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेला वेसण घातल्याबद्दल प्रसिद्ध आहे. कोरियाचं युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता, म्हणून ट्रूमननी देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, हे तुम्हाला करता येणार नाही, काँग्रेसने तुम्हाला असा अधिकार दिलेला नाही. (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आपली काँग्रेस नव्हे. कोणीतरी हा विनोद करणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याच ट्रूमनचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी मोडून काँग्रेसने कुठला कायदा केला? हाच, २१२ (एफ) असलेला. राष्ट्राध्यक्ष नको म्हणत होते आणि काँग्रेसने त्यांच्या पदराला एवढा मोठा अधिकार बांधला.

दुसरी गोष्ट जगदीश राय चढ्ढांची. जन्म केनियातला, घराणं भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश, १९६६मध्ये अमेरिकेत शिकायला आले. व्हिसा संपला तेव्हा केनियाही घेईना आणि ब्रिटनही टाळाटाळ करी. इमिग्रेशन न्यायाधीशांनी त्यांची हकालपट्टी थांबवली. तेव्हा कायद्यात अशी सोय होती की सरकारचा असा निर्णय काँग्रेसचं एक सभागृहसुद्धा फिरवू शकतं. डिसेंबर १९७५मध्ये प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसचं खालचं सभागृह) सहा नावं काढून त्यांचा निर्णय फिरवला, त्यात चढ्ढा. ते लढले, आणि १९८३मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ने निकाल दिला की असा परस्पर नकार घटनेत बसत नाही. दोन्ही सभागृहं आणि मग राष्ट्राध्यक्षांची सही, याशिवाय कायद्याचा परिणाम घडवता येणार नाही.

चढ्ढांना न्याय मिळाला, चांगलंच झालं. पण १९७६चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा याच सोयीवर उभा होता. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करायची, आणि काँग्रेसला पटलं नाही तर दोन्ही सभागृहांनी ठराव करून ती संपवायची, राष्ट्राध्यक्षांची सही लागायची नाही. चढ्ढा निकालानंतर १९८५मध्ये कायदा बदलला. आता ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली, त्यालाच विचारायचं, काढू का? तो नाही म्हणाला की दोन-तृतीयांश मतं आणा. २०१९मध्ये मेक्सिकोच्या भिंतीवरून हेच झालं. सेनेटने (वरचं सभागृह) ५९ विरुद्ध ४१ मतांनी आणीबाणी संपवायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचा नकाराधिकार, आणि प्रतिनिधिगृहात तो मोडण्याइतकी मतं पडली नाहीत. विषय संपला.

इराणवरची आणीबाणी नोव्हेंबर १९७९ची आहे. दरवर्षी नूतनीकरण होतं. ती लागली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. अशा आजघडीला चाळीसच्या वर आणीबाण्या चालू आहेत.

म्हणून माझा प्रश्न असा. सगळे म्हणतात राष्ट्राध्यक्षांनी घटनेची चौकट मोडली. मला वाटतं, दार कोणी फोडलेलंच नाही. काँग्रेसने किल्ली करून दिली, आणि ती परत मागायची जी सोय होती ती कोर्टाने काढून घेतली. तुमचं काय मत?

---

मी_पयला
रवि, ०९/११/२०२५ - २०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

---

टेक्सासचा तात्या
रवि, ०९/११/२०२५ - २१:३५

पेडगावकर, लेख चांगला, आईचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. शनिवारचा तो घोळ कोणीही केला असता तरी घोळच होता, त्याचं समर्थन करत नाही.

पण मी इथे बावीस वर्षं राहतोय, नागरिक आहे, मत कोणाला देतो ते या संस्थळावर सगळ्यांना माहीत आहे. मला एकच विचारायचंय, हा गळा गेली सहा-आठ वर्षंच का काढला जातो? २०११मध्ये ओबामांनी लिबियावर बॉम्ब टाकले. १९७३च्या युद्धाधिकार कायद्याप्रमाणे साठ दिवसांत काँग्रेसची परवानगी हवी होती. साठ दिवस उलटले. तेव्हा त्यांच्या वकिलांनी सांगितलं की याला कायद्याच्या अर्थाने शत्रुत्वाची कारवाई म्हणताच येणार नाही. विमानं उडतायत, बॉम्ब पडतायत, पण शत्रुत्व नाही! २०१४मध्ये तेच म्हणाले की माझ्याकडे पेन आहे आणि फोन आहे, म्हणजे काँग्रेसवाचूनही काम चालवता येईल. बायडेननी चाळीस हजार कोटी डॉलरच्या आसपासची विद्यार्थी कर्जं माफ करायला काढली, आधार काय, तर २००३चा एक कायदा, जो मुळात युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या कर्जाची सोय म्हणून झाला होता. २०२३मध्ये कोर्टाने ६-३ने ते हाणून पाडलं. तेव्हा असा धागा निघाला होता का इथे?

आणि मूळ घटना वाचा. दुसऱ्या कलमाचं पहिलंच वाक्य आहे, कार्यकारी सत्ता एका राष्ट्राध्यक्षाकडे राहील. एका. आयोग, मंडळं, महामंडळं यांच्याकडे नाही. घटनाकारांपैकी हॅमिल्टननी तर सांगूनच ठेवलंय की चांगल्या सरकारला कर्तबगार, झपाट्याने काम करणारा राष्ट्राध्यक्ष लागतो. १९३५मध्ये कोर्टाने ठरवलं की स्वतंत्र आयोगांच्या सदस्यांना राष्ट्राध्यक्षांना मनाला येईल तसं काढता येणार नाही. मग ते आयोग जबाबदार कोणाला? मी त्यांना मत दिलेलं नाही, तुम्ही दिलेलं नाही. अख्ख्या देशाने निवडलेला माणूस एकच असतो. डिसेंबरात कोर्ट तो १९३५चा निकाल परत बघणार आहे. माझ्या मते बरंच आहे.

---

खवचट काकू
रवि, ०९/११/२०२५ - २१:५०

तात्या, "अख्ख्या देशाने निवडलेला एकच माणूस" हे वाक्य आमच्या लहानपणी, १९७५ साली, आकाशवाणीवर फार ऐकलंय हो. सूर तोच, भाषा तेवढी वेगळी.

(हलके घ्या.)

---

शंकेखोर
रवि, ०९/११/२०२५ - २२:२०

पेडगावकर, तुमचा सिद्धांत सुबक आहे, पण राष्ट्राध्यक्षांना जरा स्वस्तात सोडतो. व्हिसा आणि आणीबाणीपुरता मान्य. पण जिथे काँग्रेसने किल्ली दिलीच नाही, उलट कुलूप लावलं, तिथे काय?

उदाहरण पैशाचं. घटनेप्रमाणे तिजोरी काँग्रेसची. निक्सन यांनी मंजूर पैसे खर्च करायचं नाकारलं म्हणून १९७४मध्ये खास कायदा झाला: राष्ट्राध्यक्षांना पैसे वाचवायचे असतील तर त्यांनी काँग्रेसला विचारावं, पंचेचाळीस दिवसांत होकार आला नाही तर पैसे खर्च करावेत. यंदा ऑगस्टच्या अखेरीस परकीय मदतीचे ४९० कोटी डॉलर रद्द करायची विनंती पाठवली. आता त्यांचं आर्थिक वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. पंचेचाळीस दिवस पुरे व्हायच्या आतच वर्ष संपणार आणि निधी लॅप्स! आपल्याकडच्या जिल्हा परिषदेत मार्च एंडला जे बाबू करतात, तेच व्हाइट हाउसने केलं. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबरला अंतरिम आदेशात पैसे रोखून धरायला मुभा दिली.

दुसरं, १ ऑक्टोबरपासून सरकार ठप्प आहे. काँग्रेसने पैसे मंजूर केलेले नाहीत, म्हणजे सैनिकांचा पगारही अडकायला हवा होता. तर संरक्षण खात्याने संशोधनासाठी ठेवलेल्या निधीतून पगार केले. कोर्टात कोण जाणार? "सैनिकांना पगार दिला" म्हणून दावा लावणारा खासदार पुढच्या निवडणुकीत तोंड कुठे दाखवेल? हा प्रकार मला जास्त भयंकर वाटतो. बेकायदा गोष्ट अशी निवडायची की तिला विरोध करणाराच वाईट दिसावा.

आणि तात्या, तुमची लिबियाची वेळ बरोबर आहे. मी तेव्हाही ओरडलो होतो, जुने धागे उकरून बघा. पण तुम्ही त्याचा निष्कर्ष उलटा काढताय. ओबामांच्या वकिलांनी बनवलेली ती पळवाट आज कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या संशयावरून बोटी उडवताना वापरली जातेय. २ सप्टेंबरला सुरुवात झाली, साठ दिवस होऊन गेले, आणि उत्तर तेच, हे त्या कायद्यातलं शत्रुत्व नव्हे. एकाने बनवलेलं हत्यार पुढचा परत करत नाही.

---

काळाकोट
सोम, १०/११/२०२५ - ०७:१५

सुप्रभात. निवृत्त माणूस, पहाटे उठतो, म्हणून सकाळी सकाळी लांबण लावतो आहे. सातारच्या कोर्टात चाळीस वर्षं घालवली, अमेरिकेचा कायदा फक्त वाचनापुरता. पण या चर्चेत आपल्याकडची दोन माणसं यायला हवीत.

पहिले बाबासाहेब. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा घटनासमितीपुढे मांडताना त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. राष्ट्रपती हा शब्द दोन्हीकडे आहे, पण आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, अमेरिकेच्या अध्यक्षासारखा नव्हे, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. मग म्हणाले की लोकशाही सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त. संसदीय पद्धतीत सरकारची झडती रोज होते, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास दाखवून. अमेरिकेत ती ठरावीक काळाने, निवडणुकीला. समितीने रोजची झडती पसंत केली.

मला तात्यांच्या प्रतिसादाचं उत्तर इथे दिसतं. अख्ख्या देशाने निवडलं हे खरं, पण चार वर्षांतून एकदा. मधल्या १४६० दिवसांचं काय? तिथली काँग्रेस रोजची झडती घेईल असं गृहीत धरलं होतं. घटनाकार मॅडिसनचा सगळा डाव त्यावर उभा होता: महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच अडवायचं. खासदाराला आपल्या सभागृहाचा अभिमान असेल, तो राष्ट्राध्यक्षाला पायरी ओलांडू देणार नाही. पक्ष नावाची गोष्ट या हिशेबात धरली नव्हती. आज तिथला खासदार आधी पक्षाचा, मग सभागृहाचा.

दुसरे डॉ. डी. सी. वाधवा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. बिहारमधल्या जमीन कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की कायदे सापडतच नाहीत, सगळे वटहुकूम. वटहुकुमाचं आयुष्य अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे. मुदत संपत आली की तोच मजकूर, नवा क्रमांक, राज्यपालांची सही. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम असे जिवंत ठेवले होते, काही चौदा वर्षांपर्यंत. त्यांनी गॅझेट चाळून चाळून यादी केली आणि सरळ सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९८६मध्ये घटनापीठाने याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं.

हे का सांगतो? बिहारच्या विधानसभेला हे कळत नव्हतं असं नाही. आमदार बसलेले होते, अधिवेशनं होत होती. कोणालाच आपला अधिकार नको होता. पेडगावकर म्हणतात ती किल्ली देण्याची गोष्ट हीच. अधिकार वापरायचा म्हणजे मत द्यावं लागतं, मत दिलं की ते मतदाराला दिसतं.

---

खवचट काकू
सोम, १०/११/२०२५ - ०९:०५

काळाकोट साहेब, दंडवत. वाचनखूण साठवली.

वरच्या पक्षाच्या मुद्द्याला एक पुरवणी. निक्सनला कोणी घालवलं? विरोधकांनी नाही. ७ ऑगस्ट १९७४ला त्याच्याच पक्षाचे तिघे नेते, त्यात बॅरी गोल्डवॉटर, भेटायला गेले आणि सेनेटमध्ये तुमची मतं उरलेली नाहीत असं सांगून आले. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याची घोषणा. त्यानंतर तीन महाभियोग झाले, क्लिंटनवर एक, ट्रम्पवर दोन, आणि एकदाही असे तिघे जिना चढून गेले नाहीत. सदुसष्ट मतं जमवायची म्हणजे आपल्याकडे सोसायटीची लिफ्ट बदलायला सगळ्यांच्या सह्या मिळवण्यासारखं आहे. तळमजला कधीच सही करत नाही.

शिवाय जुलै २०२४मध्ये कोर्टाने सांगितलंय की राष्ट्राध्यक्षाने घटनेने दिलेल्या गाभ्यातल्या अधिकारात काही केलं तर त्याच्यावर फौजदारी खटलाच नाही. निक्सन बिचारा पन्नास वर्षं आधी जन्मला.

---

टेक्सासचा तात्या
सोम, १०/११/२०२५ - १०:३०

काकू, त्या निकालात खासगी कृत्यांना संरक्षण नाही, हेही लिहिलंय. अर्धंच सांगू नका.

काळाकोट, तुमचा मुद्दा मान्य. अंशतः. काँग्रेस काम करत नाही हे मी पण म्हणतो. पण मग देश थांबवायचा का? सीमेवर प्रश्न आहे, व्यापारात प्रश्न आहे, आणि हे लोक तीस वर्षांत इमिग्रेशनचा धड कायदा करू शकले नाहीत. पोकळी राहिली की कोणीतरी भरतोच.

---

पेडगावकर
सोम, १०/११/२०२५ - ११:१५

तात्या, पोकळी तयार कशी करतात त्याचा एक नमुना देतो. मूळ लेखात लिहायचा राहिला.

आणीबाणी कायद्यात तरतूद आहे की सदस्याने ती संपवायचा ठराव आणला तर तो समितीत कायमचा दाबता येत नाही. पंधरा कॅलेंडर दिवसांत समितीने तो पुढे सोडायलाच हवा. यंदा कॅनडा, मेक्सिकोवर आणीबाणीच्या नावाने आयातशुल्क लागलं, आणि खासदारांना भीती वाटली की आता मत द्यावं लागणार. ११ मार्चला प्रतिनिधिगृहाने नियम मंजूर केला. काय? तर या ठरावांपुरता अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस कॅलेंडर दिवस धरायचा नाही.

परत वाचा. सूर्य उगवतोय, मावळतोय, पगार होतोय, पण दिवस मोजायचे नाहीत. आपल्याकडे घड्याळ थांबवून अधिवेशन लांबवल्याचं ऐकलं होतं, यांनी पंचांगच बंद केलं. राष्ट्राध्यक्षांनी नाही केलं हे. ज्यांचा अधिकार जात होता त्यांनी स्वतः बहुमताने केलं. ऑक्टोबरच्या शेवटी सेनेटने ब्राझील, कॅनडा आणि सगळ्या जगावरची शुल्कं उठवायचे तीन ठराव मंजूर केले, चार-पाच सत्ताधारी सदस्य फुटून आले. प्रतिनिधिगृहात ते धूळ खात पडणार.

शंकेखोर, पैशाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य करतो. तिथे माझा सिद्धांत लंगडा पडतो. १९७४चा कायदा स्पष्ट आहे आणि तो वळसा घालून टाळला, याला किल्ली देणं म्हणता येणार नाही. पण तिथेसुद्धा बघा, आपले पैसे अडवले म्हणून काँग्रेसने हूं की चूं केलं नाही.

---

पॉलिशवाला
सोम, १०/११/२०२५ - १३:४०

नमस्कार. वाचक आहे, लिहीत नाही सहसा. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

मी मुंबईच्या सीप्झमध्ये (निर्यातीची औद्योगिक वसाहत) दागिन्यांच्या युनिटला आहे. आमचा बहुतेक माल अमेरिकेला जातो. ऑगस्टमध्ये आधी पंचवीस टक्के लागले, मग २७ तारखेपासून अजून पंचवीस. ख्रिसमसच्या ऑर्डरी याच दिवसांत पॅक होतात, दरवर्षी ऑक्टोबरात रात्री अकरापर्यंत ओव्हरटाइम असतो. यंदा दिवाळीच्या आधीच सहाला मशीन बंद. बफिंगच्या सहा मोटरी आहेत, त्यातल्या दोन चालू. शेठ म्हणाले गिऱ्हाईक अर्धा बोजा आपल्यावर टाकतंय, सूट दिली नाही तर ऑर्डर जाते.

तुम्ही सगळे शिकलेले लोक कायद्याचं बोलताय म्हणून विचारतो. आमच्यावर हे जे लागलं ते कुठल्या कायद्याने? काँग्रेसने मत दिलं होतं का?

---

शंकेखोर
सोम, १०/११/२०२५ - १४:१०

नाही दिलं. घटनेच्या पहिल्या कलमात आयातशुल्क लावायचा अधिकार काँग्रेसला आहे, अगदी नाव घेऊन. १९३०मध्ये काँग्रेसने स्वतः शुल्कं वाढवून जगाचा व्यापार आणखी गाळात घातला, तेव्हा हात पोळले, आणि १९३४पासून शुल्कं खाली-वर करण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने राष्ट्राध्यक्षांना देत गेली. पण त्या कायद्यांत चौकशी, कारणं, मर्यादा असतात. तुमच्यावर लागलेलं आलं ते १९७७च्या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली. त्यात आयातीचं "नियमन" करता येईल असा शब्द आहे. टॅरिफ, कर, शुल्क यातला एकही शब्द त्या कलमात नाही. त्या कायद्याखाली शुल्क लावणारे ट्रम्प पहिलेच.

आणि तुमच्यावरचे दुसरे पंचवीस टक्के, रशियाच्या तेलावरून लावलेले, ते कुठल्या आणीबाणीखाली माहितीय? रशियाविरुद्ध बायडेन यांच्या काळात जाहीर झालेल्या. एकाने दार उघडं टाकलं, दुसरा आत आला. चोराला कशाला शिव्या द्यायच्या? म्हणजे त्यालाही द्या, पण.

---

काळाकोट
सोम, १०/११/२०२५ - १६:००

पॉलिशवाले, मे महिन्यात तिथल्या व्यापार न्यायालयाने ही शुल्कं बेकायदा ठरवली, २९ ऑगस्टला अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ने तेच सांगितलं, पण अंमल थांबवला नाही. आता गेल्या बुधवारी, ५ तारखेला, सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. मी रात्री जागून ऐकली, नातवाने लावून दिली होती. सरकारविरुद्ध लढणारे कोण, तर इलिनॉयमधली एक खेळणी विकणारी कंपनी आणि न्यूयॉर्कचा एक वाइन आयात करणारा. छोट्या व्यापाऱ्यांच्या वतीने वकील नील कत्याल, भारतीय आईवडिलांचा मुलगा. युक्तिवाद नीटस.

सरन्यायाधीश म्हणाले, शुल्क म्हणजे अमेरिकन माणसावरचा कर, आणि तो कायम काँग्रेसचा गाभ्याचा अधिकार राहिला आहे. पण माझ्या कानात राहिले ते न्या. गोर्सच. ट्रम्प यांनीच नेमलेले. त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं की एकदा का काँग्रेसने अधिकार देऊन टाकला तर तो परत घेणार कसा? परत घेण्याचा कायदा राष्ट्राध्यक्ष कशाला सही करून देतील? सत्ता एकाच दिशेने सरकत जाते, लोकप्रतिनिधींकडून राष्ट्राध्यक्षांकडे, उलटी फिरत नाही. पेडगावकरांनी चढ्ढा निकालावरून जे लिहिलं तेच, फक्त न्यायासनावरून.

माझा अनुभव असा की न्यायाधीशाच्या प्रश्नावरून निकाल ओळखू नये. अनेकदा तोंडघशी पडलो आहे.

---

मी_पयला
सोम, १०/११/२०२५ - १६:२५

पॉपकॉर्न संपलं. चहा टाकतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

टेक्सासचा तात्या
सोम, १०/११/२०२५ - १८:५०

शुल्काच्या बाबतीत, खरं सांगू? गोर्सच यांचा प्रश्न मलाही टोचला. उद्या डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष येईल आणि हवामानाची आणीबाणी लावून पेट्रोलच्या गाड्यांवर पन्नास टक्के शुल्क लावेल, तेव्हा मी काय म्हणणार? हा प्रश्न सुनावणीत विचारलाही गेला होता, आणि सरकारी वकील नाही म्हणू शकले नाहीत.

आयोगांबाबत आणि सीमेबाबत माझं मत बदललेलं नाही.

---

खवचट काकू
सोम, १०/११/२०२५ - १९:०२

तात्यांनी एका मुद्द्यावर माघार घेतली. संपादक मंडळ, हा प्रतिसाद मुख्य पानावर चढवा.

---

पॉलिशवाला
सोम, १०/११/२०२५ - २१:३०

धन्यवाद सगळ्यांना, आत्ता घरी पोचलो. एक शेवटचं. कोर्ट म्हणालं हे बेकायदा होतं, तर घेतलेले पैसे परत मिळणार का? आणि कोणाला?

---

काळाकोट
सोम, १०/११/२०२५ - २१:४५

न्या. बॅरेट यांनी सुनावणीत हेच विचारलं, की परतावा द्यायचा म्हणजे सगळा गोंधळच होईल ना? सध्या कोणाकडेच नीट उत्तर नाही. पण मिळाले तर ज्याने तिथल्या कस्टमला पैसे भरले त्याला मिळतील. म्हणजे तिकडच्या आयातदाराला.

---

पॉलिशवाला
सोम, १०/११/२०२५ - २१:५१

म्हणजे शेठने जी सूट दिली ती?

---

काळाकोट
सोम, १०/११/२०२५ - २१:५८

ती तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या आपसातली. कोर्टाचा तिच्याशी संबंध नाही. करारात काही लिहून घेतलं असेल तर शेठना कागद काढून बघायला सांगा.

---

पॉलिशवाला
सोम, १०/११/२०२५ - २२:०४

फोनवर ठरलं होतं.